वाचकांचे प्रश्न : कुत्रा गुरगुरतो तेव्हा

प्रश्न : आमचा लॅब्रॅडॉर दोन वर्षांचा आहे. जेवताना कुणी जवळ गेलं की गुरगुरायचा. ‘आताच धाक लावा’ म्हणून सासऱ्यांनी दर वेळी भांडं काढून घ्यायला आणि वर्तमानपत्राची गुंडाळी मारायला सुरुवात केली. महिन्याभरात गुरगुर थांबली. पण परवा मी बाजूने जात असताना त्याने आवाजही न करता पोटरी धरली. रक्त आलं नाही, नुसता ओरखडा आहे. आता काय करावं? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आधी तुमची पोटरी. रक्त न येता कातडी खरवडली असली तरी रेबीजच्या लशीसाठी डॉक्टरांकडे जावंच लागतं. अशी जखम लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची. हळद, तिखट, चुना काही लावायचं नाही. दंडावर लस घेतली तर साधारणपणे ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी डोस असतात. हे उत्तर हातात पडेपर्यंत दिवस उलटले असतील, तरी उशीर झाला म्हणून जाणं टाळू नका. चावल्यापासून १० दिवस कुत्र्यावर नजर ठेवा. तो ठणठणीत राहिला, तर पुढच्या डोसांचं काय ते डॉक्टर ठरवतील.

आता कुत्र्याचं. गुंडाळी आजपासून बंद. ‘माणूस भांड्याजवळ आला की अन्न जातं’ ही त्याची भीती होती. माराने ती खरी ठरली आणि वर ‘मारही बसतो’ याची भर पडली. गुरगुरलं की मार पडतो एवढं तो शिकला, म्हणून त्याने आवाज गिळला. भीती तशीच राहिली. पूर्वी तुम्हाला मागे सरकायला दोन-तीन सेकंद मिळायचे, तेही गेले. सासऱ्यांचा हेतू चांगलाच असणार, आपल्याकडे घरोघरी हाच सल्ला मिळतो. पण न गुरगुरता चावणारे बरेच कुत्रे याच वाटेने तयार होतात.

पहिले दोन आठवडे काही शिकवू नका. त्याला बंद खोलीत किंवा बाल्कनीत जेवायला द्या, जेवत असताना कुणीही आत जायचं नाही, आणि तो बाहेर आल्यावर भांडं उचलायचं. त्याला आधी हायसं वाटू द्या.

मग सराव. बिनहाडाचं, बिनमिठाचं उकडलेलं चिकन नखाएवढ्या तुकड्यांत कापा. शाकाहारी घरात पनीर चालेल. कांदा-लसूण अजिबात नको. भांड्यात रोजचंच साधं खाणं हवं, कारण तुमच्या हातातलं त्याहून भारी असलं तरच हिशोब जमतो. तो आरामात खात राहील एवढं अंतर शोधा, समजा ८ फूट. त्या अंतरावरून चालत जाता जाता एक तुकडा भांड्याजवळ टाका आणि न थांबता पुढे जा. एका जेवणात अशा ८-१० फेऱ्या पुरतात. तुकड्यांच्या हिशोबाने जेवण थोडं कमी करा, लॅब्रॅडॉर लवकर सुटतो. तुम्हाला येताना पाहून तो मान वर करून, अंग सैल सोडून, शेपूट हलवत वाट पाहू लागला की अर्धा फूट जवळ. प्रत्येक टप्प्याला तीन-चार दिवस द्या.

फसतं ते घाईने. दोन दिवस बरे गेले की कुणीतरी ‘बघू या’ म्हणून भांड्याला हात लावतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. तो खाता खाता ताठला, भांड्यावर वाकला किंवा एकदम भराभर गिळू लागला, तर तुम्ही फार जवळ आला आहात. लगेच दोन फूट मागचं अंतर धरा. घरातल्या दुसऱ्या माणसाने सराव करायचा तर त्यानेही लांबूनच सुरुवात करायची. सासऱ्यांचा नंबर शेवटी, आणि त्यांना सर्वांत जास्त दिवस लागतील.

चप्पल किंवा मोजा पळवला तर तोंडातून ओढू नका. पाच-सहा पावलांवर चार तुकडे पसरा, तो तिकडे गेला की वस्तू उचला. दात एकदा लागलेले आहेत, त्यामुळे जनावरांच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने वर्तनतज्ज्ञ गाठाच. जाळीचं मुसकं घालायचीही सवय लावा, त्यात त्याला जीभ बाहेर काढून धापा टाकता आल्या पाहिजेत. कापडी पट्टीने तोंड आवळून ठेवू नका.

प्रश्न : दोरीची ओढाताण खेळताना आमची गावठी कुत्री जोरात गुरगुरते. खेळ बंद करावा का? (नागपूर)

उत्तर : नको. अंग सैल आहे, पुढचे पाय टेकवून मागचा भाग वर करते, हे खेळणंच आहे. खात्री करायची तर दोरी सोडून स्तब्ध उभे राहा. ती दोरी परत तुमच्याकडे आणून देत असेल तर खेळ चालू. दोरी घेऊन कोपऱ्यात गेली, वर ओणवी झाली आणि थिजली, तर मघाचं उत्तर वाचा. गुरगुरीतला फरक कुत्र्यांना नीट कळतो : बुडापेस्टच्या संशोधकांनी २०१० मध्ये रेकॉर्ड केलेल्या गुरगुरी ऐकवल्या, तेव्हा हाड राखणाऱ्या कुत्र्याचा आवाज ऐकून कुत्रे हाडापासून मागे सरले, खेळातल्या आवाजाने तसे सरले नाहीत.

प्रश्न : नऊ वर्षं कधी न गुरगुरलेला कुत्रा आता सोफ्यावरून उठवायला गेलं की गुरगुरतो. म्हातारपणी चिडका झाला का? (ठाणे)

उत्तर : दुखतंय असं धरून चाला. गरीब स्वभावाचा कुत्रा उतारवयात अचानक गुरगुरू लागला की आधी तपासणी, मग शिकवणं. बसल्यावर उठताना कुठला पाय आखडतो, जिना चढताना थांबतो का, फरशीवर मागचे पाय घसरतात का, एकच सांधा चाटत बसतो का, हे पाहा आणि मोबाइलवर व्हिडिओ काढा. दवाखान्यात गेल्यावर भीतीने तो लंगडणं लपवतो. कान, दात, नखं दाखवाच. गोचिडांचा त्रास असेल तर रक्त तपासून घ्या, गोचिडतापातही सांधे दुखतात. घरातलं आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक चुकूनही देऊ नका. कुत्र्याच्या पोटात त्याने रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होतात.

तोवर उचलून किंवा गळपट्टा धरून खाली ओढू नका. लांबून हाक मारून, खाऊ दाखवून स्वतःहून उतरू द्या. सोफ्यापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत न सरकणारी चटई अंथरा. झोपेत हात लावल्यावरच गुरगुरत असेल तर ऐकू कमी येत असेल. आधी जमिनीवर पाय आपटा, हादऱ्याने तो जागा होईल.

प्रश्न : चौदा महिन्यांची नात कुत्र्याच्या गळ्यात पडते. काल तो तिच्यावर गुरगुरला. कुत्रा दुसऱ्या कुणाला देऊन टाकावा का? (नाशिक)

उत्तर : एवढ्यावरून नको. त्याने चावा घेतला नाही, सांगितलं. त्या क्षणी न ओरडता नातीला उचलायचं आणि कुत्र्याला निघून जायला वाट द्यायची. त्याआधीही तो बोलत असतो : तोंड फिरवणं, झोप नसताना जांभई, खाणं नसताना ओठ चाटणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, मग थिजणं. थिजल्यावर वेळ फार थोडा उरतो.

या वयाच्या मुलाला ‘हळू’ कळत नाही, म्हणून शिकवायचं मोठ्यांना. दारात लहान मुलांसाठी लावतात ती जाळी बसवा. कुत्र्याची गादी आणि पाणी जाळीपलीकडे, जिथे नात कधीच जाणार नाही. दोघं एकत्र असतील तेव्हा एक मोठं माणूस हातभर अंतरावर, हातात मोबाइल नसलेलं. स्वयंपाकघरातून डोकावणं म्हणजे लक्ष ठेवणं नव्हे. हात लावायचाच तर कुत्रा स्वतः जवळ आल्यावर, नातीचा हात तुमच्या हातात धरून, पाठीवर, तीन सेकंद. मग हात काढा. तो तिथेच थांबला तर पुन्हा, निघाला तर जाऊ द्या. आणि तिला पाठीवर बसवून फोटो काढणं आजपासून बंद.