एकच कान वाजतो तेव्हा : हेडफोनच्या सॉकेटविषयी वाचकांचे प्रश्न

खिशातले एमपी३ प्लेअर आणि छोटे एफएम रेडिओ खान्देशात अजून रोजच्या वापरात आहेत. शेतात, जिनिंगमध्ये, रात्री केळीला पाणी धरताना त्यांचीच सोबत असते. या वेळच्या पत्रांत बहुतेकांची तक्रार ३.५ मिलिमीटरच्या एका छिद्राभोवती फिरते. म्हणून हे सदर पूर्ण त्यालाच दिले आहे.

प्रश्न (साक्री) : मना प्लेअर एकच कानमा वाजस. पिन फिराई का दुसरा कान येस, हात सोडा का परत बंद. दुकानवाला सांगस, सॉकेट बदलनं पडी. काय करू?

उत्तर : दादा, सॉकेट लगेच बदलू नका. तुम्ही सांगता त्या लक्षणात सॉकेट शाबूत असण्याची शक्यता बरीच आहे.

आधी दोन अदलाबदली करा. तुमच्या प्लेअरला दुसरा इअरफोन लावा आणि तुमचा इअरफोन दुसऱ्या यंत्राला लावा. दोष इअरफोनबरोबर गेला तर प्लेअरला हात लावायचे कारण नाही. वायर बहुधा पिनेच्या मुळाशी, पहिल्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये आतून तुटलेली असते, कारण खिशात सगळा पीळ तिथेच बसतो. दोष प्लेअरकडेच राहिला, तर सेटिंगमध्ये डावा-उजवा बॅलन्स मधोमध आहे ना, तेवढे पाहून घ्या.

आता पिनेची रचना लक्षात घ्या. टोक म्हणजे डावा कान, मधले कडे म्हणजे उजवा आणि बुडाचा लांब भाग म्हणजे दोघांचा सामाईक ग्राउंड, म्हणजे विजेच्या परतीची वाट. डाव्याचा संपर्क सॉकेटच्या सर्वांत आत असतो. छिद्राच्या तळाशी कापसाचे तंतू आणि धूळ दाबून बसली, की पिन एखादा मिलिमीटर बाहेर राहते आणि टोक आपल्या पत्तीपर्यंत पोहोचत नाही. पिन घालताना शेवटी 'टक्' जाणवते का, आणि बुडाशी फट राहते का, हे पाहा. वेचणीच्या दिवसांत सदऱ्याच्या खिशात फिरलेल्या प्लेअरमध्ये असा बोळा हमखास सापडतो.

आणखी एक खूण. पिन जागच्या जागी गोल फिरवल्यावर आवाज येत-जात असेल, तर पत्ती मळलेली किंवा सैल आहे. पिन आडवी दाबल्यावर आवाज येत-जात असेल, तर बोर्डावरचा डाग, म्हणजे सॉकेटचा कथिलाचा जोड, तडकलेला आहे. तुमची पिन फिरवल्यावर फरक पडतो, म्हणून आधी साफसफाईच करा.

प्लेअर बंद करून छिद्र जमिनीकडे धरा आणि लाकडी दातकोरणीने कडेकडेने बोळा सैल करून खाली पाडा. सुई किंवा टाचणी घालू नका, आतली पातळ पत्ती एकदा वाकली की मग खरेच सॉकेट बदलावे लागते. नंतर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब जुन्या पिनेवर घ्या, छिद्रात ओतू नका. ती पिन दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करा, प्रत्येक वेळी थोडी फिरवा. अर्धा तास उघडे ठेवा, मगच चालू करा.

तोंडाने फुंकर मारू नका, वाफ आत जाते. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी आणि तेल असते, आणि तिचा जोर कचरा आणखी आत ठोसतो. खोबरेल तेल लावले की पहिले दोन दिवस बरे वाटते, मग त्याच तेलावर धूळ चिकटते. हाताला लावायच्या सॅनिटायझरमध्ये पाणी आणि बऱ्याचदा ग्लिसरीन असते, तेही नको.

प्रश्न (जळगाव) : नवा इअरफोन घेतला. वाद्ये ऐकू येतात, पण गायकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा लांब जातो. प्लेअर बिघडला का?

उत्तर : नाही. सामाईक ग्राउंड जुळलेला नाही. तो तुटला की दोन्ही कान एकामागे एक जोडले जातात आणि डाव्या-उजव्यातला फक्त फरक ऐकू येतो. गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखाच भरलेला असतो, म्हणून तो वजा होऊन जातो.

तुमच्या पिनेवर काळ्या रेघा मोजा. दोन असतील तर पिन तीन भागांची, तीन असतील तर चार भागांची, म्हणजे माइकवाली. माइकवाल्या पिनांच्या दोन पद्धती आहेत आणि दोघींत ग्राउंड व माइक यांच्या जागा उलटसुलट असतात. वायरवरचे बटण दाबून धरल्यावर गायक परत आला, तर गोंधळ हाच आहे, कारण ते बटण माइक आणि ग्राउंड एकत्र जोडते. पिन अगदी किंचित बाहेर ओढल्यावरही काही प्लेअरमध्ये आवाज सुधारतो. कायमचा उपाय एकच : दोन रेघांचा, बिनमाइकचा इअरफोन घ्या. नुसत्या प्लेअरला माइकचा उपयोगही नाही.

प्रश्न (यावल) : इअरफोन काढला तरी पडद्यावर हेडफोनचे चिन्ह तसेच राहते आणि स्पीकर वाजत नाही.

उत्तर : सॉकेटमध्ये एक छोटा स्विच असतो. पिन आत गेली की पत्ती ढकलली जाते आणि स्पीकर बंद होतो. पिन काढल्यावर ती पत्ती परत आली नाही, किंवा मध्ये कचरा अथवा ओल राहिली, तर पिन आतच आहे असे यंत्र समजते. वर सांगितल्याप्रमाणे साफ करा आणि कोरडी पिन वीस-पंचवीस वेळा आत-बाहेर करा. पावसात भिजले असेल तर बंद करून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात निदान २४ तास ठेवा. तांदळात पुरू नका, त्याची पूड छिद्रात जाते.

प्रश्न (शिरपूर) : पिनेचे टोक आतच तुटून राहिले आहे. चिमट्यात येत नाही.

उत्तर : टोकाच्या मागच्या खाचेत स्प्रिंगची पत्ती अडकलेली असते, म्हणून ते हलत नाही. प्लेअर उघडता येत असेल तर तोच चांगला मार्ग. बऱ्याच सॉकेटांची मागची बाजू उघडी असते, तिथून दातकोरणीने पुढे ढकलले की तुकडा बाहेर येतो.

उघडता येत नसेल तर जुन्या बॉलपेनची रिकामी, पातळ प्लास्टिकची रिफिल घ्या आणि ती छिद्रात सैल जाते ना ते आधी तपासा. तिच्या तोंडाच्या कडेला झटपट चिकटणारा डिंक टाचणीच्या टोकाएवढा लावा. जास्तीचा पुसा. प्लेअरचे छिद्र खाली धरूनच रिफिल सरळ वर घाला, म्हणजे डिंक आत वाहणार नाही. तुकड्याला टेकवून १५ मिनिटे हलवू नका, मग सरळ ओढा. पहिल्या प्रयत्नात आले नाही तर थांबा. दुसऱ्यांदा डिंक लावला की तो पत्तीवर पसरतो, आणि मग तुकडा निघाला तरी सॉकेट जाते.

प्रश्न (अमळनेर तालुका) : आमचे भजनी मंडळ प्लेअर मंडपवाल्याच्या अॅम्प्लिफायरला जोडते. मोठ्या पिनेची वायर लावल्यापासून प्लेअर गरम होतो, आणि आता उजवा कान बंद पडला आहे.

उत्तर : ही वायर आजपासून वापरू नका. अॅम्प्लिफायरकडची ६.३५ मिलिमीटरची पिन मोनो आहे, म्हणजे तिला दोनच भाग. अशा वायरीच्या प्लेअरकडच्या टोकालाही बहुधा मोनो पिनच असते. ती स्टीरिओ सॉकेटमध्ये गेली की उजव्या बाजूची पत्ती थेट ग्राउंडला टेकते. प्लेअरची आयसी, म्हणजे कानाकडे आवाज पाठवणारी चिप, तासन्‌तास शॉर्टमध्ये चालते, म्हणूनच तो गरम होत होता. डावी-उजवी वायर एकत्र पिळून जोडणेही चुकीचे, कारण दोन्ही आउटपुट एकमेकांविरुद्ध जोर लावतात.

बरोबर वायर अशी बनवा. प्लेअरकडे ३.५ मिलिमीटरची स्टीरिओ पिन. तिच्या टोकाच्या वायरीत १ किलोओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर, मधल्या कड्याच्या वायरीत तसाच दुसरा. दोन्ही रेझिस्टरांची पुढची टोके एकत्र जोडून मोठ्या पिनेच्या टोकाला द्या. ग्राउंड ग्राउंडला, मध्ये काही नाही. रेझिस्टर एकमेकांना टेकणार नाहीत अशी नळी चढवा, आणि वायर तारांच्या जाळीचे आवरण असलेली घ्या, नाहीतर मंडपातल्या दिव्यांची घूं घूं आत येईल. ही वायर अॅम्प्लिफायरच्या 'ऑक्स' किंवा लाइन इनपुटला लावा, माइकच्या इनपुटला आवाज फाटतो.

उजवा कान परत येईल का, ते असे पाहा. प्लेअर बंद करून थंड होऊ द्या आणि खात्रीचा इअरफोन लावा. बऱ्याच आयसींना शॉर्टपासून संरक्षण असते, त्यामुळे आशा आहे. सॉकेट स्वच्छ असूनही उजवा मुकाच राहिला तर आयसीचा तो भाग गेला असावा. अशा वेळी नवे सॉकेट बसवून काही होणार नाही. बदलण्याआधी पुढच्या उत्तरातली चाचणी करून घ्या.

प्रश्न (भुसावळ) : मला डाग द्यायला येतो. सॉकेट घरी बदलायचे आहे. काय काळजी घेऊ?

उत्तर : उघडल्यावर पहिले काम बॅटरी सोडवण्याचे. लिथियमची ३.७ व्होल्टची पिशवीसारखी बॅटरी स्क्रूड्रायव्हरने टोचली किंवा तिला डाग द्यायचा तापलेला आयर्न लागला तर पेट घेते. ती फुगलेली दिसली तर सॉकेटचे काम तिथेच थांबवा. मे महिन्यात जीपच्या काचेखाली राहिलेल्या प्लेअरमध्ये बॅटरी फुगून बोर्ड उचलते, आणि सॉकेटचे डाग त्यामुळेच तडकतात. आधी बॅटरी बदला.

मग दोष नेमका शोधा. टाकाऊ इअरफोनची वायर कापून टोके सोलून घ्या. या वायरींवर रंगीत लाख असते, आयर्नवर कथिलाचा थेंब आणि फ्लक्स घेऊन ती जाळल्याशिवाय संपर्क होत नाही. चाचणीपुरती बॅटरी जोडून गाणे लावा. पिन घातल्यावरच गाणे सुरू होत असेल, तर सॉकेटमध्ये दुसरा इअरफोन घालून ठेवा. कापलेल्या इअरफोनचा ग्राउंड सॉकेटच्या ग्राउंडला धरून दुसरे टोक सॉकेटच्या एकेका पायाला टेकवा. पायावर आवाज आहे पण पिनेतून येत नाही, तर सॉकेटची पत्ती गेली. पायावर नाही पण बोर्डाच्या ट्रॅकवर (तांब्याच्या पट्टीवर) आहे, तर डाग ड्राय झाला, म्हणजे जोड आतून सुटला. दोन्हीकडे नाही, तर दोष त्याच्या मागे, आयसीकडे आहे. डाग ड्राय असेल तर सॉकेट तसेच ठेवून फक्त डाग नव्याने द्या. हे काम पाच मिनिटांचे आहे.

चाचणी झाली की बॅटरी परत सोडवा. आयर्न ३२० ते ३५० अंशांवर ठेवा, एका पायावर दोन-तीन सेकंद, मधे थंड होऊ द्या. कारखान्यातले शिसेविरहित कथील २१७ अंशांच्या आसपास वितळते, ६३/३७ चे (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसे) आपले १८३ ला. म्हणून जुन्या डागावर आधी फ्लक्स आणि थोडे ६३/३७ मिसळा, मग तो सहज सैल होतो. आत एक वायर नसलेली जुनी पिन घालून ठेवा, प्लास्टिक मऊ झाले तरी पत्त्या जागेवर राहतात.

सॉकेट काढायचेच असेल तर अख्खे उपटू नका. कटरने प्लास्टिकचे अंग तुकड्यातुकड्याने कापा, मग एकेक पाय वेगळा काढा. ओढाओढीत पायाखालचा तांब्याचा पॅड बोर्डावरून उचलला जातो, आणि तो गेला की बारीक लाखेच्या तारेने ट्रॅकपर्यंत जोड द्यावा लागतो. ग्राउंडचा पाय मोठ्या तांब्याला जोडलेला असल्याने उष्णता खातो, तिथे २५ वॅटचा साधा आयर्न रेंगाळतो आणि तेवढ्यात पॅड सुटतो. त्या पायाला तापमान धरून ठेवणारा, जास्त वॅटचा आयर्न हवा.

नवे सॉकेट घेताना जुने सोबत न्या. भोक सगळ्यांचे ३.५च असते, पण पायांची संख्या, त्यांच्या जागा, उंची आणि खालच्या प्लास्टिकच्या खुंट्या वेगळ्या असतात. बसवताना खुंट्या बोर्डात पूर्ण उतरल्यावरच डाग द्या. त्या अर्धवट राहिल्या तर पिनेचा सगळा जोर डागांवर येतो आणि काही महिन्यांत तोच आजार परत येतो.

बंद करण्याआधी, बॅटरी सोडवलेलीच ठेवून आणि सॉकेट रिकामे ठेवून डावा, उजवा व ग्राउंड यांच्यात कुठे बीप वाजत नाही ना ते मल्टिमीटरने पाहा. इअरफोनही मोजून घ्या : ३२ ओहमचा असेल तर टोक ते ग्राउंड ३२च्या आसपास, टोक ते मधले कडे दुप्पट. पुढे वापरताना 'एल' आकाराची पिन घ्या. खिशात सरळ पिन म्हणजे सॉकेटला लावलेली तरफच आहे.

प्रश्न (चाळीसगाव) : जीपमध्ये प्लेअर 'ऑक्स'ला लावून चार्जिंगला ठेवला की कुईं आवाज येतो, रेस दिली की वाढतो.

उत्तर : सॉकेट ठीक आहे. चार्जर आणि 'ऑक्स' या दोन वाटांनी ग्राउंड जोडला जातो आणि अल्टरनेटरचा आवाज त्या फेऱ्यात शिरतो. चार्जर काढून पाहा. आवाज थांबला, तर 'ऑक्स'च्या वायरीत हा फेरा तोडणारा ग्राउंड लूप आयसोलेटर घाला.

प्रश्न (रावेर) : गाणी छान वाजतात, पण एफएम खरखरते. सॉकेट बदलू?

उत्तर : या प्लेअरमध्ये इअरफोनची वायर हीच एफएमची एरियल असते, आणि तो सिग्नल बहुधा ग्राउंडच्या पत्तीतून आत जातो. ती थोडी मळली तरी गाणी वाजतात, एफएम मात्र आधी ढासळते. म्हणून साफसफाई करा, बदलू नका. वायर पाऊण मीटरपेक्षा आखूड नसावी आणि गुंडाळून खिशात ठेवू नये, सैल सोडावी. सुधारले नाही तर त्याच जागी दुसऱ्याचा रेडिओ लावून पाहा. तोही खरखरत असेल तर तुमच्या शेतापर्यंत सिग्नलच कमी पोहोचतो, तिथून थोडे उंचावर जाऊन ऐका.