कॉम्प्युटर ‘बूट’ होतो, त्याचा पायातल्या बुटाशी काय संबंध?

आहे, थेट संबंध आहे. उंच बुटाच्या मागे, टाचेच्या वर, एक छोटी पट्टी किंवा कडी असते. तिच्यात बोट घालून बूट ओढून चढवायचा. हाच ‘बूटस्ट्रॅप’. ‘स्वतःचे बूटस्ट्रॅप ओढून स्वतःलाच वर उचलणे’ हा इंग्रजी वाक्प्रचार मुळात अशक्य गोष्टीची थट्टा करायला वापरत. (आता तोच कौतुकाने वापरतात, ही गंमतच!) कॉम्प्युटरपुढेही हाच पेच होता: प्रोग्रॅम मेमरीत आणायला आधी एक प्रोग्रॅम हवा, आणि चालू करताना मेमरी तर कोरी. म्हणून आजच्या कॉम्प्युटरमध्ये चिपवर कायमचा ठेवलेला छोटा प्रोग्रॅम आधी जागा होतो आणि मोठ्याला ओढून आणतो. अशा सुरुवात करून देणाऱ्या प्रोग्रॅमला 1950 च्या दशकातच बूटस्ट्रॅप म्हणू लागले, पुढे नुसतं ‘बूट’ उरलं.

बाकीचे अर्थ पटकन सांगतो. ब्रिटिश इंग्रजीत गाडीची डिकी म्हणजे बूट. हा शब्द घोडागाडीतल्या सामानाच्या कप्प्यावरून आला. अमेरिकेत त्याला ट्रंक म्हणतात. तिथे बूट म्हणजे चुकीच्या जागी लावलेल्या गाडीच्या चाकाला ठोकतात तो लोखंडी जॅमर! एखाद्याला ‘बूट मिळाला’ तर समजा नारळ मिळाला.

एक मात्र फसवा आहे. ‘टू बूट’ म्हणजे ‘शिवाय, वर आणखी’. इथला बूट जुन्या इंग्रजीतल्या ‘फायदा’ अशा अर्थाच्या वेगळ्याच शब्दातून आलाय. पादत्राणाशी त्याचं काहीही नातं नाही.