भरती झाली म्हणजे शिकणं संपलं का? सोलापूरच्या एका वडिलांना उत्तर

नमस्कार दादा,

पत्र मिळालं. मुलगी बी.ए. पहिल्या वर्षाला, रोज पहाटे होम मैदानावर पळायला जाते, पोलीस शिपाईच व्हायचं म्हणते. तुमचे प्रश्न दोन. कारखान्यातले सोबती म्हणतात नऊ महिने ट्रेनिंग काढलं की सुटली, मग आयुष्यभर पुस्तक नको, हे खरं का? आणि तिने मोबाईलवर अमेरिकेतल्या पोलिसांचा व्हिडिओ बघितला, नेमबाजीच्या चाचणीत नापास झाला की पिस्तूल जमा, तेव्हापासून ती घाबरलीय, मी तर बंदूक कधी हातात पण धरली नाही म्हणते.

पहिल्याचं उत्तर आधी देतो, स्पष्टच देतो. नाही दादा, शिकणं संपत नाही. अभ्यासातून सुटका म्हणून ती या नोकरीकडे बघत असेल तर आत्ताच दुसरं काहीतरी बघूया, पण सराव करायची आवड असेल तर तिच्यासाठी हे चांगलं क्षेत्र आहे.

मूळ ट्रेनिंग कुठल्याही प्रशिक्षण केंद्रात होतं, पुणे रोडला आपल्या केगावला आहे तसं, पण तिला कुठलं मिळेल ते खातं ठरवतं. तिथं परेड, पीटी, फायरिंग आणि कायदा हे सगळं होतं, पण तो पाया झाला. त्यानंतर मुख्यालयाची परेड, दंगा काबूचा सराव, उजळणी प्रशिक्षण, गोळीबाराचा सराव हे नोकरीभर चालूच. आणि कायदा पण बदलतो की ओ! 1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता लागू झाली, जुनी आयपीसी गेली, तेव्हा वीस-वीस वर्षं नोकरी झालेल्या हवालदारांना परत वर्गात बसून नवी कलमं शिकावी लागली. पोलिसांच्या कामाची पद्धत ठरवणारी नागरिक सुरक्षा संहिता पण त्याच दिवशी आली, त्यानुसार झडती-जप्ती करताना व्हिडिओ काढायचा, सात वर्षं किंवा जास्त शिक्षा असलेल्या गुन्ह्यात फॉरेन्सिकवाल्यांना घटनास्थळी बोलवायचं, हे सगळं नवीन. तुमच्या सोबत्यांना एवढं सांगितलं तरी बास.

आता बंदुकीचं. तिने बघितलं ते खोटं नाही, पण ते तिकडचं आहे. तिकडे प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, न्यू जर्सीत पोलिसाला वर्षातून दोनदा हत्याराची पात्रता चाचणी द्यावी लागते, टेक्सासमध्ये दोन वर्षांत चाळीस तासांचं प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. चाचणीत चुकला तर सहसा आधी परत शिकवतात, परत चाचणी घेतात. आपल्याकडे एका सरावात नेम चुकला म्हणून कोणी घरी पाठवत नाही. पण म्हणून हलक्यात घेऊ नका, कारण गार्ड ड्युटी असो, कैद्यांना कोर्टात ने-आण करणारी कैदी पार्टी असो, हत्यार हातात येतंच, आणि शीघ्र प्रतिसाद पथकात जायचं मनात असेल तर नेम चांगला पाहिजेच.

मला यातली खरी काळजी वेगळीच वाटते. आपल्याकडे बंदोबस्त संपता संपत नाही, जानेवारीत गड्डा यात्रा, आषाढीला पंढरपूर, मधे निवडणुका, सभा, मोर्चे, मग सरावाला वेळ कधी मिळणार? 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईत तुकाराम ओंबळे हातात फक्त लाठी असताना एके-47 वाल्याला भिडले. त्या रात्रीनंतर हत्यारं आणि प्रशिक्षण दोन्हीवर खूप चर्चा झाली, फोर्स वन हे राज्याचं कमांडो पथक उभं राहिलं. पण ठाण्यातल्या साध्या शिपायाचा सराव आजही बऱ्याच अंशी त्याच्या स्वतःच्या चिकाटीवर आहे, तेव्हा सरावाचं नाव पुकारलं की हिने टाळायचं नाही, एवढं तिच्या मनावर बिंबवा.

आणि भीतीचं म्हणाल तर फायरिंगला ताकदीपेक्षा शिस्त जास्त लागते. इन्सास रायफल चार किलोच्या थोडी वर असते, ती खांद्याच्या खोबणीत घट्ट धरली तर धक्का सहन होतो, सैल धरली की खांदा दुखतो, आणि मग पोरं घाबरून गोळी सुटायच्या आधीच डोळे मिटतात, नेम तिथंच जातो. श्वास अर्धा सोडायचा, थांबायचं, ट्रिगर झटका न देता हळू दाबायचा. आधी लेटून शिकवतात, कोपर जमिनीला टेकलेली असतात त्यामुळे हात कमी हलतो. काहींना एक डोळा मिटताच येत नाही, काहींचा डावा डोळा जास्त चालतो, ते उस्तादांना, म्हणजे शिकवणाऱ्यांना, पहिल्याच दिवशी सांगायचं, लाजायचं नाही. फायरिंग झाल्यावर रिकाम्या पुंगळ्या वेचून, मोजून हिशेब द्यायचा, चेंबर रिकामं आहे का परत बघायचं, नळी साफ करायची, हा सगळा सरावाचाच भाग. पोरीला हे झेपेल का असं तुम्ही लिहिलंय, तर कोल्हापूरची तेजस्विनी सावंत 2010 ला रायफलमध्ये जगज्जेती झाली, राही सरनोबतने 2018 च्या एशियाडला पिस्तूलमध्ये सुवर्ण आणलं, तेव्हा झेपेल!

कधी गोळी चालवायची नाही हे पण तितकंच शिकावं लागतं. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नसलेल्या माणसाचा अटक करताना जीव घ्यायचा हक्क पोलिसाला मिळत नाही, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 43 मध्ये हे आहे. मला विचाराल तर हत्यार हातात घेणाऱ्या प्रत्येकाला हे कलम झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे.

सध्या तिचं लक्ष भरतीवरच राहू द्या. मैदानी चाचणी 50 मार्कांची, मुलींना 800 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक, मग लेखी 100 ची. उंची 155 सेंटीमीटर लागते, ती एकदा नीट मोजून घ्या, अंदाजावर राहू नका. पळण्यातच सगळा वेळ जातो आणि गोळाफेक राहून जाते असं बऱ्याच मुलींचं होतं, तिचे 15 मार्क आहेत, ते सोडायचे नाहीत.

आणि हो, कॉलेजात एनसीसी आहे का ते उद्याच विचारायला सांगा. पहिल्या वर्षालाच नाव घालतात, आणि तिथं पॉइंट टू टू रायफल हातात मिळते, भीती तिथंच निम्मी जाईल. जागा भरल्या म्हणाले तर मला परत कळवा, दुसरा मार्ग बघू.