मोठ्या युद्धामुळे राजेशाही कशी काय कोसळते?

आमच्या रत्नागिरीत थिबा पॅलेस आहे. त्यामुळे राजा गेला म्हणजे शत्रूने धरून नेला, असंच इथे डोळ्यांसमोर येतं. ब्रह्मदेशच्या थिबाचं तसंच झालं. १८८५ मध्ये इंग्रजांनी थोड्याच दिवसांत त्याची राजधानी मंडाले घेतलं आणि पुढे त्याला इथे आणून ठेवलं. डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्यानंतर तीन महिन्यांनी, पहिलं महायुद्ध चालू असताना, रशियाच्या झारची म्हणजे सम्राटाची गादी गेली, पण त्याची राजधानी शत्रूने घेतलेली नव्हती.

तिथलं राज्य आतून पोखरलं गेलं. लाखो शेतकरी आघाडीवर, रेल्वे सैन्याच्या कामाला जुंपलेली, सरकार नोटा छापत सुटलेलं. देशात धान्य होतं, तरी राजधानी पेट्रोग्राडला पावासाठी रांगा. त्यात १९१५ मध्ये झार निकोलसने सरसेनापतिपद स्वतःकडे घेतलं. माझ्या मते हीच सर्वांत घातक चूक, कारण पुढचा प्रत्येक पराभव थेट त्याच्या माथी आला. मार्च १९१७ मध्ये लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा ज्यांना गोळ्या झाडायला सांगितलं ते सैनिकच लोकांना जाऊन मिळाले. सैनिक म्हणजे तरी कोण, गणवेशातली शेतकऱ्यांचीच पोरं! शेवटी सेनापतींनीही झारला पायउतार व्हायला सांगितलं.

जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीत १९१८ मध्ये जवळपास हेच घडलं. ब्रिटनचा राजा टिकला, कारण तो जिंकणाऱ्या बाजूला होता आणि युद्धाचे निर्णय मंत्रिमंडळाचे होते.