भोचक आज्जी की चौकस आज्जी?

कोल्हापुरातून, राजारामपुरीतल्या एका वाचक बाईंचा प्रश्न आला आहे. त्या आणि त्यांच्या सासूबाई मिळून परदेशी रहस्यमालिका बघतात. खून होतो, पण जेवता जेवता बघता येतो, आणि खुनी शोधणारी व्यक्ती साठी-सत्तरीची असते, अशा मालिका. भिशीच्या गटावर त्यांनी अशाच एका मालिकेची शिफारस लिहिली, 'एक भोचक म्हातारी गावातले खून उलगडते.' सासूबाईंनी वाचलं आणि तिथंच अडवलं, "भोचक काय? चौकस म्हण." तर बरोबर कोण? शिवाय 'वयस्क गुप्तहेर' चालेल का, आणि या प्रकाराला मराठीत नाव काय द्यायचं, हेही त्यांनी विचारलं आहे.

माझं मत सासूबाईंकडे झुकतं. पण तुमचा शब्द पहिल्या वीस मिनिटांपुरता अगदी बरोबर आहे.

भोचक आणि चौकस दोघंही करतात एकच, विचारतात. ज्याला विचारलं त्याला राग आला की विचारणारा भोचक ठरतो; त्या विचारण्यातून कुणाचं काही भलं झालं की तोच चौकस. म्हणून 'मी जरा चौकस आहे' असं माणूस स्वतःबद्दल सहज सांगतो, 'मी भोचक आहे' असं सांगणारा मला अजून भेटायचाय. चोंबडा त्याहून वेगळा. भोचक माणूस नको ते विचारतो, चोंबडा न विचारता सांगत सुटतो. चौकशीला जातीचं नाव जोडून केलेला एक जुना शब्दही आपल्याकडे आहे. तो मी वापरत नाही, तुम्हीही वापरू नका.

आता 'चौकस'चा सख्खा शब्द 'चौकशी' घ्या. खरी गंमत तिथं आहे. साहेबांवर चौकशी बसते, एसटी स्टँडवर चौकशीची खिडकी असते, आणि 'आईंनी तुमची चौकशी केलीय' हा निरोपही आपण त्याच शब्दात पोचवतो. संशय, माहिती आणि माया, तिन्हींना एकच शब्द. नुसत्या मायेसाठी 'विचारपूस' आहे आणि पोलिसांसाठी 'तपास' आहे. बातमीचं शेवटचं वाक्य आपल्याला पाठच असतं, 'पुढील तपास उपनिरीक्षक अमुक करीत आहेत.' चौकशी मात्र दोन्हीकडे वावरते.

या मालिकांची गोडी मला तरी याच दुहेरीपणात दिसते. फौजदार दारात आला की माणूस सावध होतो, तोलूनमापून बोलतो. आज्जी आली की चहा टाकतात. शिवाजी पेठेत नवी सून किंवा नवा भाडेकरू दिसला की जिन्यावर बसलेली म्हातारी विचारणारच, "कुणाची गं तू? गाव कुठलं? पाव्हणं कोण तुमचं?" उत्तरं देणाऱ्याला वाटतं विचारपूस चाललीय. म्हातारीकडं तोवर तीन पिढ्यांची माहिती जमा झालेली असते. मालिकेतली आज्जी घरात शिरते ती मायेची चौकशी करायला, आणि बाहेर पडते ती दुसरी चौकशी उरकून. तिला कुणी हिशेबात धरत नाही, तिच्यादेखत लोक बोलून जातात, आणि तिच्याकडं वेळच वेळ असतो. म्हातारपणाचे जे तोटे आपण मोजतो, तेच इथं तिच्या कामी येतात. आणि सासूबाईंना राग का आला, हेही त्यातच आलं.

'मर्डर, शी रोट' ही मालिका अमेरिकेत १९८४ ते १९९६ अशी बारा वर्षं चालली. सुरू झाली तेव्हा अँजेला लान्सबरी अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या, म्हणजे आपल्याकडं बहुतेक राज्य सरकारी कर्मचारी घरी बसतात त्या वयाच्या. त्यांची जेसिका फ्लेचर निवृत्त शिक्षिका, विधवा, रहस्यकथा लिहिणारी, मोटार न चालवणारी. त्याच १९८४ साली बीबीसीवर जोन हिक्सन मिस मार्पल, म्हणजे अगाथा ख्रिस्तीच्या कथांतली खेड्यातली म्हातारी डिटेक्टिव्ह, म्हणून आल्या, त्या तर अठ्ठ्याहत्तरीच्या. मार्पलबाईंची पद्धत पेठेतल्या म्हातारीचीच. समोरचा माणूस आपल्या खेड्यातल्या कुणासारखा वागतो ते त्या आठवतात, आणि तिथून धागा पकडतात. आपल्या दूरदर्शनवर त्यानंतर १९८५ मध्ये 'करमचंद' गाजर खात आला, पण तो तरणाताठा. म्हातारा माणूस हेरगिरीला लावायचं आपल्याकडं फारसं कुणाच्या मनात आलं नाही, आणि हे मला खरंच नवल वाटतं, कारण कच्चा माल गल्लोगल्ली बसलेला आहे.

कोलंबोला, त्या नावाच्या अमेरिकन मालिकेतल्या पोलीस डिटेक्टिव्हला, मात्र चौकस म्हणू नका. चुरगळलेला रेनकोट घालून तो भाबडा चेहरा करतो, दारापर्यंत जातो आणि मागं वळून 'तेवढं एक राहिलंच' म्हणतो. त्याला शब्द एकच, बेरकी. कोल्हापुरात 'लई बेरकी गडी' म्हणताना दोन आणे तक्रार आणि चौदा आणे कौतुक असतं, ते प्रमाण त्याला नेमकं बसतं. धूर्त किंवा कावेबाज म्हटलंत तर तोच खुनी वाटेल.

'वयस्क गुप्तहेर'. मराठीत वयस्क म्हणजे उतारवयाचा, त्यामुळं शब्द चूक नाही. पण हिंदीत वयस्क म्हणजे अठरा पूर्ण झालेला, तिकडं 'केवल वयस्कों के लिए' अशी पाटी लागते. आपण त्याला 'फक्त प्रौढांसाठी' म्हणतो, आणि हिंदीतला प्रौढ परत मध्यमवयीन. भिशीच्या गटात हिंदी वाचणाऱ्या कुणी असतील तर तुमच्या शिफारशीचा भलताच अर्थ लागेल. मी 'मुरब्बी' वापरीन. वर्तमानपत्रांनी तो राजकारण्यांना देऊन टाकलाय, पण वय झाल्यानं माणूस कामाचा होतो, हे त्या शब्दात आपोआप येतं.

'गुप्तहेर'बद्दल माझी कुरकुर आहे. तो बहिर्जी नाईकांना शोभतो, वेष पालटून शत्रूच्या मुलखात जाणाऱ्याला. आज्जीचं काहीच गुप्त नसतं. बंगाली रहस्यकथांतला ब्योमकेश बक्षी स्वतःला 'सत्यान्वेषी' म्हणवून घेतो, तो शब्द देखणा आहे, पण आपल्या कानाला 'अन्वेषण' म्हटलं की स्थानिक गुन्हे अन्वेषण शाखाच आठवते. बोलताना सरळ डिटेक्टिव्ह म्हणावं.

राहिलं नाव. 'हलकीफुलकी रहस्यमालिका' अर्थाला पुरते, पण वाचून उत्सुकता वाटत नाही. इंग्रजीत या प्रकाराला 'कोझी' म्हणतात, त्यावरून 'उबदार' करायला गेलात तर 'उबदार खून' असलं काहीतरी भयानक हाती लागेल. मला 'खुसखुशीत' बरा वाटतो. लेखनाला आणि विनोदाला आपण तो लावतोच, रहस्याला लावायला हरकत नाही.

तेव्हा वाक्य असं करा: 'गावानं भोचक ठरवलेली एक मुरब्बी आज्जी खून उलगडते; खुसखुशीत रहस्यमालिका, जरूर बघा.' यात तुमचा शब्द राहतो, तो फक्त गावाच्या तोंडी जातो. सासूबाईंना दाखवूनच पाठवा.