गुराब की गलबत?

प्रश्न असा आहे: १७५६ साली इंग्रजांनी विजयदुर्गावर केलेल्या हल्ल्याच्या चित्राखाली ‘तुळाजी आंग्रे यांची गलबतं जळताना’ असं लिहिलं तर चालेल का?

आजच्या मराठीत चालेल. शिडाचं कुठलंही जहाज आपण गलबत म्हणून खपवतो. पण आंग्ऱ्यांच्या आरमाराबद्दल लिहिताना मी तरी तसं लिहिणार नाही, कारण तिथे गुराब आणि गलबत ही दोन निराळी जहाजं होती. इंग्रजी कागदपत्रांत ती ग्रॅब आणि गॅलिव्हॅट या नावांनी भेटतात.

गुराब मोठी. डोलकाठ्या दोन, क्वचित तीन. दोन काठ्यांची साधारण १५० टनांपर्यंत, तीन काठ्यांची ३०० च्या आसपास. ओळखायची ती नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून: ते निमुळतं होत लांबवर पुढे आलेलं असतं आणि त्याच्यावरून मारा करणाऱ्या तोफा आतल्या बाजूला, समोर तोंड करून बसवलेल्या असतात. (मूळ अरबी शब्दाचा अर्थ कावळा. चोच डोळ्यांपुढे आणली की नाव पटतं.) गलबत त्याच घडणीचं पण लहान, फार तर ७० टनांचं. मुख्य डोलकाठीवर एकच भलंमोठं त्रिकोणी शीड, त्याचं टोक काठीच्याही वर गेलेलं, आणि शिवाय चाळीस-पन्नास वल्ही.

ही वल्ही चित्र वाचताना फार उपयोगी पडतात. शिडं लोंबत असतील आणि वल्ह्यांचं लहान जहाज मोठ्या जहाजाला दोर लावून ओढत असेल, तर ‘पकडलेलं जहाज नेताना’ असा अर्थ लगेच काढू नका. वारा पडला की गलबतं गुराबांना अशीच ओढत लढाईत नेत.

मात्र चित्रकारावर किती विसंबायचं, हेही बघायला हवं. या प्रसंगाचं चित्र काढणारा डॉमिनिक सेरेस इंग्लंडमध्ये राहून काम करणारा. लढाई त्याने पाहिलेली नव्हती. इंग्रजी जहाजांचा दोरन् दोर त्याच्या परिचयाचा, आपल्या जहाजांबद्दल तसं म्हणवत नाही. तेव्हा नुसत्या आकारावरून ‘ही गुराबच’ असं ठामपणे लिहू नये.

आणखी एक अडचण. त्या दिवशी आग आधी लागली ती ‘रेस्टोरेशन’ला. हे आंग्ऱ्यांनी पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीकडूनच जिंकून घेतलेलं जहाज, म्हणजे गुराबही नव्हे आणि गलबतही नव्हे. तोफगोळ्याने ते पेटलं आणि ज्वाळा बाकीच्या ताफ्यावर पसरल्या. म्हणून मथळ्यासाठी ‘तुळाजी आंग्रे यांचं आरमार जळताना, विजयदुर्ग, फेब्रुवारी १७५६’ हे मला सगळ्यांत बिनचूक वाटतं. खाली वर्णनाला जागा असेल तर ‘गुराबा आणि गलबतं’ अशी जोडी जरूर वापरा. आणि हो, गुराब स्त्रीलिंगी, गलबत नपुंसकलिंगी.