चांदीच्या मुलाम्याची जुनी भांडी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : चांदीकाम करणाऱ्या एका घराण्याच्या तिसऱ्या पिढीकडून मी वर्षभर मुलाम्याचे जुने काटे-चमचे, तबके, चहादाणी अशा वस्तू घेत आहे. काही त्यांच्या आजोबांनी घडवलेल्या आहेत, तर काही इतर कारखान्यांच्या असून त्यांच्याकडे दुरुस्तीसाठी आल्या आणि तिथेच राहिल्या. चमच्यांच्या एका संचाच्या दांड्यांमागे '९०' आणि दुसऱ्याच्या मागे '१८४७' हा आकडा आहे. त्यांवरून चांदीचे प्रमाण आणि वस्तूचे वय ठरवता येते का? शिवाय अशा घराण्याकडून घेताना काय विचारावे?

उत्तर : या दोन्ही आकड्यांनी अनेक जाणत्या संग्राहकांचीही फसगत केली आहे, म्हणून आधी त्यांच्याविषयी. '९०' म्हणजे नव्वद टक्के चांदी नव्हे. जर्मन पद्धतीत हा आकडा बारा मोठे चमचे आणि बारा काटे अशा चोवीस नगांवर मिळून किती ग्रॅम चांदी चढवली ते सांगतो. म्हणजे एका नगाच्या वाट्याला पावणेचार ग्रॅम चांदी आली आणि बाकी सारा दुसरा धातू. याउलट '८००' किंवा '९२५' हे आकडे धातूच्या शुद्धतेचे आहेत. तिथे वस्तू आतबाहेर चांदीचीच असून तिच्या हजार भागांत तितके भाग शुद्ध चांदी असते. '१८४७' हा तर एका अमेरिकी छापाच्या नावाचाच भाग आहे. रॉजर्स बंधूंच्या व्यवसायाची आठवण म्हणून तो त्या नावापुढे ठोकला जाई आणि विसाव्या शतकातल्या वस्तूंवरही तो सापडतो. त्यामुळे त्यावरून वय ठरत नाही. वय ठरवायचे ते नक्षीच्या नमुन्यावरून आणि निर्मात्याच्या छापात वेळोवेळी झालेल्या बदलांवरून.

'ईपीएनएस' ही चार रोमन अक्षरे, म्हणजे 'इलेक्ट्रो-प्लेटेड निकेल सिल्व्हर' (विजेने मुलामा दिलेले निकेल सिल्व्हर), आपल्याला वारंवार दिसतील. त्यांतले शेवटचे दोन शब्द निकेल सिल्व्हर असे असले, तरी तांबे, जस्त आणि निकेल यांच्या त्या मिश्रधातूत चांदीचा कणही नसतो. चांदी असते ती फक्त वरच्या मुलाम्यात. 'ईपीबीएम' असेल, तर आतला धातू ब्रिटानिया, म्हणजे मुख्यतः कथील आणि त्यात अँटिमनी व थोडे तांबे. तो मऊ असतो, त्याला पोचे लवकर पडतात आणि डाख देताना जरा आच जास्त लागली तर वस्तूच वितळते. म्हणून ब्रिटानियाची तुटकी चहादाणी घेण्यापूर्वी ती दुरुस्त करू शकणारा हात ओळखीचा आहे ना, हे पाहावे. लोहचुंबकावर मात्र विसंबू नये. चांदीला चुंबक चिकटत नाही, पण तांब्याला आणि निकेल सिल्व्हरलाही चिकटत नाही.

आता घराण्याविषयी. आपल्याला जी संधी मिळाली आहे, ती लिलावात घेणाऱ्याला सहसा मिळत नाही, कारण वस्तूबरोबर तिची हकीकत सांगणारी माणसे आपल्यासमोर आहेत. मुलामा मूळचा आहे की पुन्हा चढवलेला, दांडा किंवा झाकणाची बिजागरी बदलली आहे का, आत कोणता धातू आहे, मूळ कोरलेली अक्षरे कोणी घासून काढली आहेत का, हे सगळे विचारावे. आजोबांच्या कामाच्या वह्या, नमुन्यांचे कागद, ठसे शिल्लक असतील, तर ते पाहण्याची परवानगी मागावी आणि मिळालेली माहिती पावतीवर लिहून घ्यावी. "हे आम्ही घडवले" आणि "हे आम्ही दुरुस्त केले" यांतला फरक पावतीवर स्पष्ट असलाच पाहिजे, कारण दुरुस्ती करणाराही कधी कधी आपली खूण उमटवतो आणि पुढच्या पिढीला तीच निर्मात्याची वाटते. मुलाम्याच्या वस्तूत वितळवून हाती येण्याइतकी चांदी नसते. तिचे मोल घडणीत आणि ओळखीत आहे, आणि ती ओळख हरवली की पुन्हा जोडता येत नाही.

प्रश्न : माझ्याकडच्या जुन्या तबकाच्या उंचवट्यांवर खालचे तांबे लालसर दिसू लागले आहे. पुन्हा मुलामा चढवून घ्यावा का?

उत्तर : घाई करू नका. तबक कोणत्या पद्धतीचे आहे हे कळल्याशिवाय ते कोणाच्याही हाती देऊ नये.

विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याची पद्धत बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये पेटंट घेतल्यावर रूढ झाली. त्याआधी सुमारे शंभर वर्षे वेगळी रीत होती. शेफिल्डचे कारागीर थॉमस बोल्सोव्हर यांना १७४३ च्या सुमारास, सुरीची मूठ दुरुस्त करताना असे सांगतात, तापलेले तांबे आणि चांदी एकमेकांत घट्ट बसतात हे दिसले. मग तांब्याच्या लगडीवर चांदीचा पत्रा बसवून, तापवून, दोन्ही एकत्र लाटले जाऊ लागले आणि त्या जोडपत्र्यातून 'शेफिल्ड प्लेट' म्हणून ओळखली जाणारी भांडी घडू लागली. तिथे मुलामा शेवटी चढत नाही, आधी पत्रा आणि मग भांडे. त्यामुळे कापलेल्या कडेला तांबे दिसते आणि ते झाकण्यासाठी कारागीर चांदीची कड दुमडत किंवा चांदीची तार डाखाने बसवत. पोकळ भांड्यावर कुठेतरी सांधा असतो. अक्षरे कोरायच्या जागी तांबे उघडे पडू नये म्हणून शुद्ध चांदीची छोटी चकती बसवलेली असते. तिच्यावर हलकेच फुंकर घातली, की वाफेत तिची कड क्षणभर उमटते. ही खूण मी प्रथम पाहिली तेव्हा मला फार आनंद झाला होता आणि आजही प्रत्येक जुन्या तबकावर मी ती आधी शोधतो.

सांधा, वळवलेली कड किंवा ही चकती दिसली, तर तबकाला हात लावू नये. पुन्हा मुलामा चढवला की या साऱ्या खुणा नव्या थराखाली जातात. रंगही बदलतो, कारण विजेने बसवलेली चांदी जवळजवळ शुद्ध आणि अधिक पांढरी दिसते, तर जुन्या पत्र्याची किंचित उबदार. पूर्वी माझे एक तबक मी असेच उजाळा द्यायला दिले होते. मुलाम्याआधी त्या कार्यशाळेत ते इतके घासले गेले की कडेची कोरीव वेल पुसट झाली. ते दुःख अजून गेलेले नाही.

मात्र तांबे दिसले म्हणजे तबक जुन्या पद्धतीचेच, असेही नाही. तांब्यावर विजेने दिलेला मुलामाही सर्रास आढळतो आणि ज्या भांड्यावर 'शेफिल्ड प्लेट' असे शब्दच छापलेले असतात, ते बहुधा नंतरचे असते. तसे निघाले आणि तबक रोजच्या वापरात असेल, तर पुन्हा मुलामा देण्यात काही गैर नाही.

प्रश्न : काळवंडलेले चमचे ॲल्युमिनियमचा कागद, खाण्याचा सोडा आणि गरम पाणी यांनी क्षणात उजळतात. ही रीत सुरक्षित आहे का?

उत्तर : काळेपणा हा चांदी आणि गंधक यांच्या संयोगातून येतो. या कृतीत ॲल्युमिनियम ते गंधक ओढून घेतो आणि चांदी मूळ रूपात परतते, त्यामुळे पॉलिशने होते तशी झीज होत नाही. तरीही जुन्या संग्रहासाठी मी ती सुचवणार नाही. नक्षीच्या खाचांतली जी काळी छटा नक्षीला उठाव देते, तीही निघून जाते, पृष्ठभाग निस्तेज पांढुरका होतो आणि सुऱ्यांच्या पोकळ मुठींतले भरण गरम पाण्याने सैल होते. साधा मार्ग बरा : वापर झाला की कोमट पाणी आणि सौम्य साबण, लगेच मऊ कापडाने कोरडे पुसणे. मीठ किंवा अंड्याचा अंश चमच्यावर तासभरही राहू देऊ नये. संच बांधायला रबर वापरू नये आणि गुंडाळायला लोकर घेऊ नये, कारण दोन्हींत गंधक असते. धुतलेले सुती कापड उत्तम. वरचेवर वापरातले चमचे कपाटातल्या चमच्यांपेक्षा कमी काळवंडतात, म्हणून ते वापरावेत.

प्रश्न : चमच्याचा पुढचा भाग झिजून पिवळट धातू दिसतो. असा चमचा जेवणात वापरावा का?

उत्तर : नाही. आंबट पदार्थांशी तांबे आणि निकेलचा संबंध टाळावा आणि ज्यांना निकेलची ॲलर्जी आहे त्यांनी तर निश्चितच. ईपीएनएसचा चमचा असेल, तर मुलामा पुन्हा चढवता येतो. किती ग्रॅम चांदी चढवणार हे आधी ठरवून घ्यावे, चमच्याच्या टेकणाऱ्या भागावर थर अधिक जाड ठेवण्यास सांगावे आणि संपूर्ण संच एकाच वेळी द्यावा, कारण एकेक चमचा वेगळा उजळला की त्यांचे रंग एकमेकांशी जुळत नाहीत.